बिनातिकीट पेम्बर्थी

मलकापूर,
१८ जुलै २०२४

ती. सौ. अनुताईस,
गोकुळचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण, मिठाबद्दल एक गंभीर तक्रार. हसू नको. मलकापुरातला एक करदाता, वय बावन्न, पाइप आणि तोट्यांचा दुकानदार, शिवाय कुलदीपच्या साप्ताहिकात दर आठवड्याला तालुक्याच्या खोड्या काढणारा लेखक, गेली तीन वर्षं स्वतःच्या घरात मिठासाठी रेल्वे फाटकाशी ताटकळत होता. आमच्या जेवणाच्या टेबलावर बाबांचं पत्र्याचं मलकापूर स्टेशन आहे. आमच्या बाजूला ताटं, पलीकडे मीठ आणि लोणचं, मधे दुहेरी रूळ. फाटक पडलं की कोणाचाही हात रूळ ओलांडणार नाही, हा बाबांचा नियम. संजीवनीने वरणात मीठ विसरायचं, नेमकी त्याच वेळी रुईच्या गाठी घेऊन मालगाडी निघायची, आणि मी आळणी वरण कालवत डबे मोजत बसायचं. वर याच बायकोने म्हणायचं की एवढी घाई असेल तर उड्डाणपूल मंजूर करून आणा.

तक्रार ही की, आठ दिवस झाले, फाटक उघडंच आहे. मीठ मागितलं की मिळते. ताई, असं जेवण घशाखाली उतरत नाही.

फोन काऊन नाही केला, असं विचारशील. या घरात फोनवर बोललं की बाबा आतल्या खोलीतून उत्तर देतात. घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहावं तर नातेवाईक आधी सुप्रभात घालतील, मग सल्ले. म्हणून हे पाकीट, दुकानाच्या काउंटरवर बसून.

आई गेल्यावर बाबांनी हे इंजिनाचं वेड घेतलं, ते तू जाणतेच. बत्तीस वर्षं टीसी म्हणून गाड्यांमधून फिरलेला माणूस, पण जीव अडकला तो यार्डात जिनिंगचे डबे ढकलणाऱ्या त्या काळ्या, बुटक्या वाफेच्या इंजिनात. त्याच्या पोटावर पितळी पट्टी होती, पेम्बर्थी नावाची, विलायतेतल्या कारखान्याची. बाबा तसंच इंजिन पत्र्याचं करतात, वीतभर, आणि जुन्या तांब्या-पेल्याच्या बुडातून पट्टी कापून तिच्यावर तेच नाव कोरतात. मागच्या दिवाळीला तुझ्या अपेक्षाने फोटो इन्स्टाग्रामवर टाकले आणि नाशिक, इंदूर, कुठून कुठून मागण्या आल्या. सतरा इंजिनं गेली. मोडू नये म्हणून प्रत्येक खोक्यात बाबा भुईमुगाची टरफलं भरत. गिऱ्हाइकांनी इंजिनासोबत टरफलांचेही आभार मानले.

मागच्या आठवड्यात गुरुग्रामहून एक पाकीट आलं. मी ते तीनदा वाचलं, वकिलाकडून एकदा वाचून घेतलं, आणि समजलं तेवढं लिहितो. विलायतेतला तो कारखाना केव्हाच बुडाला. नाव तेवढं तरंगत राहिलं. ते या गुरुग्रामच्या मंडळींनी विकत घेतलं. कारखाना नाही, इंजिन नाही, नुसतं नाव. त्या नावाने ते कमरेचे पट्टे, पैशाची पाकिटं आणि दाढीचा साबण विकतात. यांच्यापैकी एकाने जरी ते इंजिन पाहिलं असेल तर मी मिशी उतरवतो, त्यांच्याच साबणाने. त्यांचं म्हणणं असं की नाव आमच्या मालकीचं, नोंदलेलं, तर वापरण्याचा परवाना घ्या: वर्षाला कमीत कमी दीड लाख, वर नगामागे बारा टक्के, तीन नमुने फुकट मंजुरीसाठी, आणि काळा रंग आम्ही ठरवू तो काळा. काळ्यात निवड असते हे मले आजच समजलं.

बाबा चिडले नाहीत, घाबरले नाहीत. पाकीट वाचलं, घडी घातली, फाटक वर केलं आणि इंजिन शेडमध्ये लावलं. शेड म्हणजे साखरेच्या डब्याची मागची बाजू. तेव्हापासून सकाळी स्टेशनवर जाऊन बसणंही बंद. विचारलं की म्हणतात, काही नाही. मले तर काहीच समजून नाही राह्यलं. पैशाचं मनावर घेतलं का कोर्टाचं? तू थोरली, तुले विचारतो.

लोभ आहेच, या महिन्यात थोडा जास्तीचा पाठवावा.

तुझा,
गोकुळ


पुणे,
२६ जुलै २०२४

चि. गोकुळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बाई कोणी गेलं का म्हणून विचारायला आल्या, चहाचा थर्मास घेऊन. हाताने लिहिलेलं पत्र इथे आता वाईट बातमीचंच असतं. मी त्यांना सांगितलं की माझ्या भावाला मागितल्याबरोबर मीठ मिळतंय, म्हणून तो दुःखात आहे. त्या थर्मास ठेवून हळूच निघून गेल्या. मग ह्यांना वाचून दाखवताना तुझ्या "काऊन"चं मी "का" केलं, आणि इतकं अपराधी वाटलं की ते वाक्य पुन्हा वाचलं.

अपेक्षा रडरड रडली. फोटो मी टाकले, किंमत मी लिहिली, आजोबांना मीच अडकवलं, हे दिवसातून चारदा म्हणते. तिच्या डिझाइनच्या ऑफिसात एक जाणती मुलगी आहे, तिच्याकडून तिने सगळं समजून घेतलं आणि मग मला समजावलं. नाव म्हणजे शेतासारखं असतं म्हणे. ज्याच्या नावावर सातबारा, त्याचं. त्याने पेरो की पडीक ठेवो, दुसऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं की शेताचा मालक निदान वर्षातून एकदा वखर तरी फिरवतो, हे तर नुसता बोर्ड लावून बसलेत. ती म्हणाली की आई, बोर्ड लावणं हाच तर त्यांचा धंदा आहे.

आणि हे आपल्याच घरी घडलंय असं नाही. अशाच छोट्या रेल्वेगाड्यांचा नाद असलेले तिच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत कोथरूडला. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचं असंच पत्र एका मित्राला आल्याचं त्यांनी ऐकलं, आणि आपलं अख्खं कपाट चादरीने झाकून टाकलं. ते काही विकत नाहीत, नुसत्या मांडून ठेवल्यात, तरी झाकल्या. त्या मित्राने म्हणे सगळ्या डब्यांवरची नावं घासून काढली, आणि आता कुठला डबा कुठल्या गाडीचा हे त्यालाच आठवत नाही. मुलं मोठी करून झाल्यावर चार घटका जीव रमवायचा, तर तिथेही परवाना. मला तरी यात कोण कोणाचं काय चोरतंय ते नीट सांगता येणार नाही.

बाबांनी पैशाचीच धास्ती घेतली असणार. पेन्शनीतला माणूस, दीड लाखाचा आकडा पाहिला की छातीत धस्स होतंच. ह्यांच्याशी बोलले आहे. वेळ आली तर अर्धे आम्ही घालू, अर्धे तू घाल, आणि म्हातारा त्याची गाडी चालवू दे. त्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी करून घालायला संजीवनीला सांग, आणि ते काही बोलतात का ते कळव.

एक मात्र बजावून सांगते. डोकं चालवू नकोस. विशेषतः छापून काही आणू नकोस.

लोभ आहे तसाच असू दे, शहाणपण तेवढं आवर.

तुझी,
अनुताई


मलकापूर,
२१ ऑगस्ट २०२४

ती. सौ. अनुताईस,
गोकुळचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात आधी शेताचं आलं आणि मग डोकं न चालवण्याचं. मी शेताशीच थांबलो.

आता शेताचा कज्जा असला की आपल्याकडे काय करतात ते तू पुण्यात जाऊन विसरली असशील, म्हणून सांगतो. वकील पेपरात जाहीर नोटीस देतो. अमुक मिळकत आमचे अशील वहिवाटत आहेत, कोणाचा हक्क, हिस्सा, बोजा असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यानिशी कळवावे, नंतर तक्रार चालणार नाही. पंधरा दिवस कोणी बोललं नाही की मिळकत मोकळी. मी म्हटलं, गुरुग्रामची मंडळी कुठून आपल्या कुलदीपचा पेपर वाचायला येतात! मुदत संपली की पेम्बर्थी हे नाव बाबांच्या, म्हणजे नारायणराव नारखेड्यांच्या वहिवाटीचं. वकिलाने आधी डोकं खाजवलं, मग म्हणाला की कायद्यात हे बसते का नाही ते सांगता येत नाही, पण चौकटीत छान बसेल. कुलदीपने पान दोनवर टाकली, माझ्या सदराच्या मांडीला मांडी लावून.

गुरुग्राम गप्प राहिलं. मलकापूर नाही राहिलं. यार्डाकडचे एक गृहस्थ आले, त्यांच्या आजोबांनी त्याच इंजिनात कोळसा टाकला होता, सबब त्यांना चार आणे हिस्सा पाहिजे. जळंब रोडच्या एकाने विचारलं की गाडी त्याच्या गटातून जात असेल तर मोबदला कोणत्या दराने. आपल्या मागच्या आळीच्या सत्यभामाबाई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि म्हणाल्या की तुझ्या आईने हळदीकुंकवाले नेलेला माझा पितळी तांब्या परत आला नाही, तो कोणत्या इंजिनाच्या पोटावर आहे ते दाखव. एक पाहुणा तर थेट देऊळघाटहून आला आणि नुसतीच हरकत नोंदवून गेला. कशावर, ते मागाहून कळवतो म्हणाला.

हे सारं मी सदरात लिहायला घेतलं होतं. पण बाबांनी ती नोटीस न्हाव्याच्या दुकानात वाचली. अर्धी दाढी झालेली होती. तशीच पुसून घरी आले. आता चौकातले चार रिकामटेकडे रोज विचारतात की टीसी साहेब, काढलं का हो इंजिनाचं तिकीट. गमतीनेच विचारतात, मी पण हसलो. बाबा नाही हसले.

त्याच दुपारी त्यांनी रूळ उचलले. स्टेशन, सिग्नल, फाटक, सगळे स्क्रू काढून गोणपाटात भरले. इंजिनं जुन्या धोतरात गुंडाळली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, भंगारवाल्याले बोलावलं आहे. संजीवनीने विचारलं की आता या टेबलाचं काय करायचं. ते म्हणाले, जेवा.

याले पोलीस येत नसतात, हे मी सांगून पाहिलं. दोन्ही भावंडं मिळून परवाना काढू, हेही सांगितलं. ते ऐकून तर पाठ फिरवून आत गेले, जसं काही मीच त्यांचा खिसा कापला. ताई, आई गेली तेव्हा हा माणूस असाच भिंतीकडे पाहत बसत होता, तुले आठवते. त्यातून त्याले या पत्र्याच्या इंजिनाने ओढून बाहेर काढलं, आपण नाही. आता ते इंजिनच जाऊन राह्यलं. मले दुसरं इंजिन माहीत नाही.

लोभाचं तूच पहा. माझ्याकडचा सध्या कामी येत नाही.

तुझा,
गोकुळ


मलकापूर,
२४ ऑगस्ट २०२४

चि. अपेक्षा हीस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तू रडते असं तुझ्या आईच्या पत्रातून समजलं. ते पत्र गोकुळने गल्ल्याच्या खाली लपवलं होतं. मी जन्मभर लोकांच्या टोपीतून आणि मोज्यातून तिकिटं काढून पाहिली, मले एक पत्र काय सापडत नाही! तू रडू नको. फोटो टाकणं हा गुन्हा नाही. नाव मी कोरलं.

गोकुळले वाटते मी भ्यालो. तुझ्या आईले वाटते पैशाचं मनावर घेतलं. दोघंही माझ्या मायेपायी चुकून राह्यले, म्हणून त्यांना काही म्हणत नाही. तुले सांगतो.

मी लोकांना आयुष्यभर एकच गोष्ट विचारली, तिकीट. कोणी म्हणायचा साहेब, घाई होती. कोणी म्हणायचा, माहीत नव्हतं. कोणी म्हणायचा की गाडी तर तशीही जाऊनच राह्यली होती, मी कोपऱ्यात बसलो तर तुमचं काय गेलं. मी कोणाचंच ऐकलं नाही. तुझ्या आजीच्या सख्ख्या भावाले शेगावहून येताना पकडलं आणि पावती फाडली. तुझी आजी आठ दिवस माझ्याशी भांडी आपटूनच बोलली. आता गुरुग्रामच्या माणसाने मले विचारलं, तिकीट. माझ्याजवळ काय निघालं? माहीत नव्हतं, हे निघालं. तुमचं काय गेलं, हे निघालं. सगळी तीच उत्तरं. जी मी कोणाची ऐकून घेतली नाहीत, ती आता कोणत्या तोंडाने देऊ?

त्यांनी ते इंजिन बनवलं नाही, हे गोकुळ सारखा सांगते. खरं आहे. पण रेल्वे तरी काय माझ्या बापाने बांधली होती? मी तिच्या नावाने पावती फाडतच होतो ना. मग त्याने दुसरी शक्कल काढली, आणि पेपरात छापून साऱ्या प्लॅटफॉर्मले सांगून टाकलं की हा म्हातारा बिनातिकीट आहे. असू दे. पोराचं मन साफ आहे, डोकं तेवढं आईवर गेलं नाही.

तुले एक काम सांगतो. त्यांना विचार, माझ्या झालेल्या प्रवासाचं भाडं किती आणि दंड किती. दीड लाखाचा वर्षाचा पास मले नको, मले कुठं जायचं नाही. प्रवाशाले कुठून बसला ते सिद्ध करता आलं नाही तर गाडी जिथून सुटली तिथून भाडं लागते. म्हणून नुसती विकलेली धरू नको. टेबलावरचं पहिलं धर, आणि वाढदिवसाले तुले दिलं तेही धर. फुकट बसवलेला पाहुणाही प्रवासीच असतो. पैसे माझ्या पेन्शनचे. गोकुळले आणि तुझ्या आईले यात हात घालू देऊ नको, माणसाचा दंड माणसाने स्वतः भरायचा असतो. आणि मले माफी नको. पावती पाहिजे.

पोळ्याच्या करीले भंगारवाला येईल. चोरून नेलेलं सामान घरात मांडून त्यावर खेळता येत नाही. पावती झाली तर ते माझं. नाही तर तो घेऊन जाईल.

कामात लक्ष दे, वेळेवर जेव. आशीर्वाद आहेत ते मोजून घेऊ नको.

तुझा आजोबा,
नारायण


पुणे,
३१ ऑगस्ट २०२४

ती. आजोबांना,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

सुरुवात अशी करायची असते हे आईने सांगितलं. पुढचं माझं आहे, चुकलं तर हसू नका.

तुमचं पत्र मिळाल्याबरोबर मी कंपनीला मेल केला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की विक्री बंद झाली आहे, सबब विषय संपला, काहीही भरायची गरज नाही. मी उड्या मारत तुम्हाला फोन केला आणि तुम्ही मधेच फोन ठेवलात. मला आधी खूप राग आला. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि कळलं की जाऊ दे, सोडून दिलं, हे ऐकायला तुम्ही मला काम सांगितलंच नव्हतं.

म्हणून काल ऑफिसातून सुट्टी घेऊन फोनला चिकटून बसले. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा, मधेच दाढीच्या साबणाची जाहिरात. शेवटी पुष्पांजली नावाच्या एका मुलीपर्यंत पोचले, ती त्यांच्या कायद्याच्या विभागात आहे. तिने विचारलं की तुम्ही भांडताय की भरताय. मी म्हटलं भरतोय. मग ती म्हणाली की परवान्याचा अर्ज पाठवते. मी म्हटलं परवाना नकोय, झालेल्या गोष्टीचा दंड भरायचाय. ती म्हणाली की भरणाऱ्यांसाठी अर्ज आहे, भांडणाऱ्यांसाठी वकील आहेत, मधलं त्यांच्याकडे काहीच नाही. आम्ही दोघीही गोंधळलो. तिने दोनदा विचारलं की यात काही चाल तर नाही ना.

मग मी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं, जमेल तसं हिंदी करून. सगळं ऐकल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला की आजीचा तो भाऊ पुन्हा घरी आला का. मी म्हटलं मला माहीत नाही. आला का, आजोबा?

तिने वचन दिलेलं नाही. हिशेबवाल्यांच्या गळी उतरवावं लागेल म्हणाली. भाडं म्हणून नगामागे बारा टक्के धरले, टेबलावरचं आणि माझं धरून. दंडाचा दर तिच्याकडे नव्हता. मी तुमच्या रेल्वेचा सांगितला, भाड्याइतकाच दंड. ती म्हणाली की आमच्यात असा नियम नाही. मी म्हटलं आमच्या आजोबांच्यात आहे. तिने तो लिहून घेतला. रक्कम आणि पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तेवढ्याचा बँकेतून ड्राफ्ट काढून पाठवा. चिठ्ठी गोकुळमामाला सापडू देऊ नका, तो लगेच नोटीस काढेल.

आणि भंगारवाल्याला थांबवा. पावती फाडून होईपर्यंत प्रवाशाला गाडीतून ढकलत नाहीत, हो ना? मला दिलेलं इंजिन मी अजून कपाटावर ठेवलंय. झाकलेलं नाही.

तुमचा लोभ मला न मागता मिळतो, म्हणून मागत नाही.

तुमची,
अपेक्षा


मलकापूर,
२७ सप्टेंबर २०२४

ती. सौ. अनुताईस,
गोकुळचा सा. न. वि. वि.

या घरात मीच एकटा अडाणी होतो हे मले आता समजलं. बाबा आणि तुझी पोरगी यांचा परस्पर पत्रव्यवहार चालू होता, आणि मी इकडे सत्यभामाबाईंना नवा पितळी तांब्या घेऊन देत होतो. बाबांनी परवा अपेक्षाचं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि आपलं काय लिहिलं होतं ते तोंडी सांगितलं. मी त्यांना दोन महिने भीती आणि पैसा यांवर व्याख्यानं दिली होती. मान खाली घालून ऐकायची पाळी या वेळी माझी.

करीले भंगारवाला आला तेव्हा बाबांनी त्याले चहा पाजला, पोळ्याच्या पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि म्हणाले, उत्तर यायचं आहे. तो गोंधळून मले विचारत होता की भाऊ, मले नेमकं काय न्यायले बोलावलं होतं. पुढे रोज बाबा पोस्टमनच्या वेळेला ओसरीवर बसायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. कोर्टात तारीख असल्यासारखे. एकदा फक्त म्हणाले की तिकडे म्हातारा येडा आहे असं समजून ड्राफ्ट फाईलीत टाकून दिला असेल.

तर पावती आली. छापील आहे, तिच्यावर नंबर आहे, तारीख आहे, कंपनीचा गोल शिक्का आहे. रक्कम "इतर जमा" या सदराखाली घेतली आहे. वकिलाने मले बाजूले घेऊन सांगितलं की ऑफिसातली रद्दी विकली की पैसे याच सदरात जातात. ते मी बाबांना सांगितलं नाही, तूही सांगू नको. त्यांनी पावती उजेडात धरून पाहिली, मग उलटी करून पाहिली, मग नंबर पुटपुटला. टीसी पाहतो तसं. आणि मग, ताई, ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

काल गोणपाट उघडलं. रूळ जुळले, सिग्नल उभा राहिला. पण आधी त्यांनी शिल्लक इंजिनांच्या पट्ट्या कानस मारून गुळगुळीत केल्या. मी म्हटलं की आता पावती आहे ना, नाव राहू द्या. ते म्हणाले की पावती झालेल्या प्रवासाची असते, पुढच्या स्टेशनापर्यंत कोणी फुकट सोडत नाही. इंदूरच्या अडकलेल्या गिऱ्हाइकाने फोनवर कळवलं की बिनानावाचं इंजिन मले नको, मग त्यात राहिलं काय. नाशिकच्याने कळवलं की चालते, पण टरफलं पाठवाल ना. बाबांनी इंदूरवाल्याचं इंजिन काढून टेबलावर ठेवलं आणि त्यालेच जिनिंगचे डबे जोडले. कोऱ्या पट्टीवर खिडकीचा उजेड पडते. मले अजूनही समजत नाही की नाव गेलं तर त्या इंजिनातून नेमकं काय कमी झालं, आणि काही कमी झालं नसेल तर ते लोक दीड लाख कशाचे मागत होते. बाबांना विचारलं. ते म्हणाले, रुळावरून हात काढ.

अपेक्षाले सांग, आजीचा तो भाऊ पुन्हा आला होता. त्या पावतीनंतर दोन वर्षांनी आला, आणि दारात आधी तिकीट दाखवलं, मग चप्पल काढली. बाबांनी ते तिकीट खरंच हातात घेऊन तारीख पाहिली होती. हे त्यांनी काल स्वतःहून सांगितलं, आणि आपल्याच गोष्टीवर इतके हसले की संजीवनी बाहेर आली.

दिवाळीले सगळी या. लोभाचं माझ्याकडे आता बरं चाललं आहे, तुझा तुझ्याजवळ ठेवला तरी चालेल, पण पाठव.

तुझा,
गोकुळ

ता. क. हे वाचून फाडून टाक आणि उत्तरात याचं नाव काढू नको, गल्ल्याखालची जागा आता भरवशाची राहिली नाही. पावती कचरू पोस्टमनने आणली तेव्हा बाबा आंघोळीले गेले होते. आत त्या पुष्पांजलीची चिठ्ठी होती, की असली पावती बाहेर पाठवायची त्यांच्या ऑफिसात सोयच नाही, म्हणून ती स्वतःच्या खर्चाने पाठवून राह्यली. मुडपू नये म्हणून बिचारीने पावती जाड पुठ्ठ्यात घातली होती, आणि पाकिटावर पाच रुपयांचं एकच तिकीट. वजन जास्त भरलं. वर पोस्टाचा शिक्का, नॉटपेड, तिकीट कमी. म्हणजे बाबांची पावती अख्खा रस्ता कमी भाड्यात आली होती. कचरू म्हणाला की काका, जेवढं कमी त्याच्या दुप्पट, वीस रुपये होतात, नाही तर मले परत न्यावं लागते, नियम आहे. न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता. मी कचरूले वीस रुपये दिले, पाकीट फाडून खिशात टाकलं, आणि पावती तेवढी टेबलावर नेऊन ठेवली.